कॅरव्हॅनला हीटर कशाला?

उन्हाळा संपल्यावर कॅरव्हॅन कोण विकत घेतं? इथे न्यूझीलंडमध्ये मार्च महिन्यात मुलांच्या शाळा सुरू झालेल्या असतात, समुद्रावर जाऊन आलेली माणसं टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, वाळवून कपाटात टाकून देतात आणि सकाळी कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायचं तर अंगात स्वेटर लागतो. अशाच एका शनिवारी माझा मुलगा मित्राची दणकट गाडी मागून घेऊन गेला आणि दुपारी तिच्यामागे एक जुनीपुराणी कॅरव्हॅन जोडून परत आला. माझ्या लग्नाच्या सुमाराची असेल ती. छपरावर शेवाळ, खिडक्यांना नारिंगी फुलांचे पडदे, आत पाऊल टाकलं की ओल्या गोणपाटाचा वास. अप्पर हटमधल्या आमच्या घरामागच्या लॉनवर, कपडे वाळत घालायच्या दांडीला अगदी खेटून, त्याने ती उभी केली.

"कशी आहे, आई?" त्याने विचारलं.

"कुणासाठी?" मी विचारलं.

"कुणासाठी म्हणजे? फिरायला." हे म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता, टायरकडे बघत होता. सूनबाई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती, ती बाहेर आली नाही. नात बाहेर आली, एकदा आत डोकावली आणि "स्मेल्स फनी" म्हणून परत गेली. घरात नवी गाडी आली की आपण नारळ फोडतो, निदान पेढा तरी हातावर ठेवतो. इथे कुणी साधं हसलंसुद्धा नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

माझा स्वभाव संशयी आहे असं घरचे म्हणतात. आहेच. सगळी नोकरी मी पुण्यात वीज खात्याच्या कार्यालयात, तक्रारींच्या खिडकीवर काढली. "मॅडम, आमचा मीटर आपोआप पळतो." "मॅडम, तारेवर आकडा आम्ही नाही टाकला, वाऱ्याने उडून अडकला." विजेची चोरी करणारा माणूस इतका गरीब चेहरा करून समोर उभा राहायचा, की नवीन लागलेल्या मुली त्याला खुर्ची द्यायच्या. मी नाही दिली कधी. माणूस काय बोलतो ते ऐकायचं नाही, बोलताना कुठे बघतो ते बघायचं, एवढं त्या खिडकीत बसून मी शिकले होते. आणि माझा मुलगा टायरकडे बघत होता.

मला भीती कशाची होती, ते सरळच सांगते. हे गेल्यावर मी सिंहगड रोडचा फ्लॅट विकला आणि इथे आले. परत जायचं म्हटलं तर मला आता तिकडे दार नाही. इथे मला कोपऱ्यातली खोली दिलेली आहे, सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं, तिथेच माझे देव आहेत आणि शेजारच्या घरातली मांजर खिडकीत येऊन बसते. ही खोली आपल्या हातून जाणार, अशी धास्ती मला आल्या दिवसापासून होती. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक बाई भेटतात. त्यांच्या मुलाने त्यांना मागच्या अंगणात सुटी खोली करून दिली. इथे तसल्या खोलीला 'स्लीपआऊट' म्हणतात. झोपा, पण बाहेर. नावातच सगळं आलं. "मला तिथे फार शांतता मिळते हो," असं त्या मला सांगत होत्या आणि सांगताना प्रसादाच्या द्रोणात बघत होत्या.

त्यात घरात आणखी एक बदल झाला होता. सूनबाई हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे, तिच्या ड्यूटीच्या वेळा वेड्यावाकड्या. "त्याची झोपमोड नको," असं म्हणून ती नातीच्या खोलीत झोपायला लागली होती. नात आता मोठी होत चाललेली, तिला तिची खोली तिच्या एकटीची हवी. मी मनाशी विचार केला. घरात खोल्या तीन, त्यांना एक कमी पडतेय, आणि अंगणात चाकांवरची एक खोली येऊन उभी राहिली आहे. उचलबांगडी कुणाची होणार हे कळायला ज्योतिषी नको होता.

एप्रिलभर दर शनिवारी-रविवारी तो कॅरव्हॅनमध्ये शिरायचा आणि भिंतीच्या फळ्या उचकटायचा. वायरिंग बाहेर काढायला लागला तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले, कारण ते माझं खातं. आत नुसत्या दोन तारा, अर्थिंगचा पत्ता नाही. काचेच्या नळीचे फ्यूज, आणि त्यातल्या एकाला कुणीतरी चॉकलेटची चांदी गुंडाळून ठेवलेली. ती चांदी बघून मला क्षणभर फार बरं वाटलं. असले उद्योग फक्त आपल्याकडचे लोक करतात, असं मी आजवर समजत होते.

"हे सगळं टाकून देणार," तो म्हणाला. "नवीन केबल, नवीन बोर्ड, कुठे करंट लीक झाला तर आपोआप ट्रिप होणारा स्विच. छपरावर सोलर, बाकाखाली बॅटरी."

"एवढं सगळं उन्हाळ्यातल्या चार दिवसांसाठी?"

"करायचं तर नीट करावं ना, आई."

नीट करण्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पण हा मुलगा घरातल्या बाथरूमचा गळका नळ वर्षभर "या वीकेंडला बघतो" म्हणत आलेला. तो अचानक दोन-दोन दिवस गुडघ्यावर बसून तारा ओवतो, जेवायला हाक मारली तर येत नाही, आणि त्याची बायको एकदाही बाहेर येऊन "काय चाललंय?" म्हणत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मे महिन्यात एक खोकं आलं. वरचं चित्र बघून मला वाटलं व्हॅक्यूम क्लीनर असेल. तो हीटर निघाला, डिझेलवर चालणारा.

"फिरायच्या गाडीला हीटर कशाला?" मी विचारलं.

"हिवाळ्यातही जाता येतं की."

"हिवाळ्यात कुठे जाणार आहेस?"

"बघू."

हा 'बघू' मी चांगला ओळखते. खिडकीच्या आतल्या बाजूने मीच तो रोज वापरायचे. काम होणार नाही हे ठरलेलं असलं, आणि तसं तोंडावर सांगायचं नसलं, की माणूस 'बघू' म्हणतो. मी विषय सोडला नाही. झोपायच्या जागी डिझेल जाळणार का, असं विचारलं. तो म्हणाला, डिझेल एका बंद डब्यात जळतं, धूर खालच्या पाइपातून बाहेर जातो, आत येते ती फक्त गरम हवा.

"आणि पाइप फुटून धूर आत आला तर?"

"त्यासाठी अलार्म लावतोय, आई. त्या वायूला वास नसतो, त्यामुळे कळत नाही. माणूस झोपेतच..." तो बोलता बोलता थांबला.

मी खोलीत आले आणि दार लावून बसले. वास नसलेला वायू, एक म्हातारी बाई आणि अंगणात एक डबा. वर्तमानपत्रवाल्यांना मथळा शोधावा लागला नसता. माझा मुलगा माझ्या जिवावर उठलाय असं मला वाटलं का? नाही, तसं नाही वाटलं. पण भीती वाटली, आणि ती खरी होती. देवापुढे बसून मी त्या दिवशी रडलेसुद्धा.

डोळे पुसल्यावर मात्र मी ठरवलं, भांडायचं नाही. भांडलं की माणूस हट्टाला पेटतो. सरकारी नोकरीत एखादी गोष्ट होऊ द्यायची नसेल तर तिला नाही म्हणत नाहीत, तिच्यात त्रुटी काढतात. ही कॅरव्हॅन आईच्या राहण्यालायक नाही, हे मला त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं. त्यासाठी मी रोज दुपारी चहाचा कप घेऊन तिथे जाऊन बसायला लागले. तो घरून काम करायचा त्या दिवशी तर आवर्जून.

"ही पायरी केवढी उंच आहे," मी पहिल्या दिवशी म्हणाले. "माझे गुडघे गेलेच समज." दुसऱ्या दिवशी त्याने लाकडाची आणखी एक पायरी केली आणि दाराला धरायला कडी बसवली.

"खालून गारवा येतो," मी म्हणाले. त्याने जमिनीवर इन्सुलेशनच्या लाद्या टाकल्या आणि वर गालिचा घातला.

"खिडकीतून ओल येते, माझ्या छातीला सोसायची नाही." त्याने सगळ्या खिडक्यांचे रबर बदलले.

"ह्या हीटरचा टकटक आवाज होतो. असल्या आवाजात कुणाला झोप लागणार?" हा आवाज डिझेल ओढणाऱ्या पंपाचा होता. तो पंप त्याने काढला, रबराच्या पट्टीत टांगून पुन्हा बसवला आणि मला बोलावून म्हणाला, "आता ऐक." मी कान लावून बसले. काही ऐकू येईना. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

मी त्रुटी काढायची आणि त्याने ती दूर करायची, असा खेळच चालू झाला. त्याला राग येत नव्हता. उलट, "बरं झालं बोललीस, माझ्या लक्षातच आलं नसतं," असं म्हणायचा. एकदा त्याने हीटर चालू करून मलाच आत बसवलं. "तुला सगळ्यात जास्त थंडी वाजते ना, तू सांग, ऊब पुरेशी आहे का?" मी शाल गुंडाळून बसले. खरं तर पाचच मिनिटांत मला शाल काढावीशी वाटत होती. मी ती काढली नाही आणि म्हणाले, "पायाशी येत नाही." त्याने गरम हवेचा एक फाटा पलंगाच्या पायथ्याशी नेला.

काही गोष्टी मला त्या वेळीही खटकल्या होत्या, पण मी त्या माझ्या संशयात बरोबर बसवून घेतल्या. पलंग त्याने चांगला लांबलचक केला. मी त्याच्या खांद्यालाही लागत नाही, मग मला एवढा पलंग कशाला? मी उत्तर काढलं, लोकांना दाखवायला. बघा, आईला कसं ऐसपैस दिलंय! खिडकीपाशी त्याने एक टेबल बसवलं आणि त्यावर दोन-तीन प्लग काढले. तिथे माझा टीव्ही येणार, मी ठरवून टाकलं. म्हणजे मालिका बघायलासुद्धा मी घरात यायला नको. आणि दाराजवळ, वरच्या बाजूला, जुनी अरुंद फळी होती, ती न काढता त्याने तिच्यावर गादी घातली आणि एक छोटा दिवा लावला. नातीला माझ्यावर लक्ष ठेवायला पाठवणार, असा त्याचा अर्थ मी लावला.

त्या फळीवर नात एका दुपारी पाय सोडून बसलेली दिसली. दिव्याचं बटण दाबत होती, चालू, बंद, चालू, बंद.

"हा तुझा दिवा का गं?" मी विचारलं.

"मेबी."

"तू इथे झोपणार? माझ्याबरोबर?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी भलतंच काही बोलले. "आजी, आस्क डॅड," एवढंच म्हणाली आणि खाली उतरून घरात निघून गेली. तिचं नाक लाल झालेलं होतं. थंडी पडायला लागली होती, त्यामुळे असेल असं मला वाटलं.

मेनचं जोडकाम करायला माणूस आला. इलेक्ट्रिशियनला इथे लाडाने 'स्पार्की' म्हणतात. ज्या धंद्यात ठिणगी उडता कामा नये, त्या धंद्यातल्या माणसाला ठिणगीचंच नाव. मी त्याला चहा दिला आणि अर्थिंग कुठे दिलंय, बोर्डावर लोड किती धरलाय, ते विचारलं. "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करून त्याने कप घेतला, माझ्या प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर दिलं आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी म्हणाला, "स्वीट ॲज." इथे 'झकास'ला असं म्हणतात; पण कशाइतकं गोड, ते काही सांगितलं नाही. वाक्य अर्ध्यात सोडणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही. मी तो जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.

त्या संध्याकाळी जेवताना मुलगा म्हणाला, "आता वॉरंट मिळालं की झालं."

माझा घास हातातच राहिला. "वॉरंट? कुणाच्या नावाने?"

कितीतरी दिवसांनी तो मोकळेपणाने हसला. इथे गाडी तपासून ती सुरक्षित असल्याचा जो दाखला देतात त्याला वॉरंट म्हणतात, आणि कॅरव्हॅनच्या वायरिंगचंही वेगळं वॉरंट असतं, असं त्याने मला समजावलं. सूनबाई पण हसली, पण ती ताटाकडे बघून हसली. दोघं एकाच गोष्टीला हसत होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते. मला ते दिसलं होतं. मी त्याचा अर्थ असा लावला, की माझ्यासमोर दोघांनाही अवघडल्यासारखं होतंय.

पहिल्या तपासणीत कॅरव्हॅन नापास झाली. तिच्या पत्र्याच्या सांगाड्याला अर्थिंग नीट जोडलेलं नव्हतं, म्हणजे एखादी तार सुटून पत्र्याला लागली असती तर हात लावणाऱ्याला झटका बसला असता. मला इतका आनंद झाला की मी शिरा केला, चांगलं तूप घालून. शिरा कशाबद्दल, हे कुणी विचारलं नाही. मुलाने उभ्याउभ्याच दोन वाट्या खाल्ल्या आणि टॉर्च घेऊन पुन्हा बाहेर गेला. पुढच्या आठवड्यात स्पार्की येऊन ते काम करून गेला आणि कॅरव्हॅन पास झाली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, सूनबाईच्या सुट्टीच्या दिवशी, मी कपड्यांची बादली घेऊन मागच्या दारापाशी आले. ती पायरीवर बसून पुण्याला बहिणीशी फोनवर बोलत होती. पाठमोरी होती. मी कान टवकारले, खोटं कशाला बोलू?

"हो गं, ठरलंय," ती म्हणत होती. "आम्ही सेपरेट होतोय. कॅरव्हॅनचं सगळं काम झालंय. नाही, आईंना अजून नाही सांगितलं. कसं सांगायचं तेच कळत नाहीये."

बादली घेऊन मी उलट्या पावली आत आले. 'सेपरेट' या शब्दाचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता. आमच्या सोसायटीत, नात्यात, ऑफिसात तो मी हजारदा ऐकलेला. 'त्यांचा मुलगा सेपरेट झाला', 'लग्नानंतर लगेच सेपरेट राहायला लागले', म्हणजे मुलगा आणि सून सासू-सासऱ्यांपासून वेगळे झाले, त्यांनी आपली चूल वेगळी मांडली. दुसरा काही अर्थ त्याला मी कधी ऐकला नव्हता. वर 'आईंना सांगितलं नाही' हेही तिच्याच तोंडून ऐकलं. आणखी पुरावा कशाला हवा? कपडे तसेच ओले बादलीत राहिले.

रविवारी दुपारी नात मैत्रिणीकडे गेली होती. आम्ही तिघं जेवायला बसलो. मी वरण वाढलं, बसले, आणि म्हणाले, "मी जाणार नाही."

"कुठे?" मुलाने विचारलं.

"तुझ्या त्या डब्यात. सोलर लाव, हीटर लाव, सोन्याचा पत्रा मढव, मी जाणार नाही. मला सगळं कळलंय. तुम्हाला सेपरेट व्हायचं असेल तर व्हा, पण मी माझ्या खोलीतून हलणार नाही. हे माझ्या मुलाचं घर आहे." शेवटचं वाक्य मी सूनबाईकडे बघून म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कित्येक महिन्यांत मी त्यांना तसं सरळ एकमेकांकडे बघताना पाहिलं नव्हतं. तिने चमचा खाली ठेवला.

"आई, तुम्हाला कुणीही कुठेही पाठवत नाहीये."

"मग सेपरेट कोण होतंय?"

"आम्ही दोघं."

"तेच म्हणतेय मी. तुम्ही दोघं, माझ्यापासून."

"नाही, आई," सूनबाई म्हणाली. "एकमेकांपासून."

वीज गेल्यावरही पंख्याची पाती थोडा वेळ फिरत राहतात, तसं माझं तोंड चालूच राहिलं. "ते काही असो, मी माझी खोली सोडणार नाही," असं मी आणखी एकदा म्हटलं. मग मी काय ऐकलं ते माझ्या डोक्यात शिरलं.

"कॅरव्हॅन माझ्यासाठी आहे, आई," मुलगा म्हणाला. "ऑफिसातल्या एकाच्या घरामागे जागा आहे. खालच्या स्टेशनाजवळ, लांब नाही. दुसरं घर घेणं आत्ता जमण्यासारखं नाही. ही शनिवार-रविवार माझ्याकडे राहील." ही म्हणजे नात. दाराजवळच्या फळीवरचा तो दिवा तिने स्वतः निवडला होता. तिला मार्चपासून माहीत होतं. माझ्या घरात सगळ्यांत लहान माणसाला माहीत होतं आणि सगळ्यांत मोठ्याला नव्हतं.

"दुसरी कुणी आहे का?" मी त्याला विचारलं.

"नाही."

"मग दुसरा कुणी?" मी तिला विचारलं. एरवी तिने हे ऐकून घेतलं नसतं.

"नाही, आई."

दोघंही बोलताना माझ्याकडे बघत होते, टायरकडे नाही, ताटाकडे नाही. म्हणजे खरं होतं. मला त्या क्षणी खोटं चाललं असतं. दुसरी कुणी असती तर मी तिला शिव्या दिल्या असत्या, मुलाला घराबाहेर काढलं असतं, काहीतरी केलं असतं. इथे करायला काहीच नव्हतं. "मग झालं तरी काय?" मी विचारलं, तर सूनबाई म्हणाली, "काही झालं नाही. आम्ही खूप प्रयत्न केला, आई. तुमच्यासमोर भांडलो नाही, एवढंच." आणि ती रडायला लागली. मुलगा उठला, तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि बाहेर निघून गेला. इतक्या नीट वागणारी माणसं वेगळी का होतात, हे मला अजूनही कळलेलं नाही.

मला राग आला होता, दोघांचाही. पण दुपारी एकटी खोलीत बसले तेव्हा मला दुसरीच गोष्ट आठवत राहिली. ती उंच पायरी, तो जमिनीचा गारवा, खिडकीतली ओल, पंपाची टकटक. त्याची कंबर तरुणपणापासून दुखरी, त्याला ओल सोसत नाही, आवाज झाला की झोप लागत नाही. ज्या ज्या गोष्टीला कंटाळून तो महिन्याभरात घरी परत आला असता, ती प्रत्येक मी चहाचा कप हातात घेऊन, बोट दाखवून दाखवून नीट करून घेतली होती. मला आत पाठवू नये म्हणून मी जे जे केलं, त्यामुळे त्याचं बाहेर पडणं सोपं झालं.

संध्याकाळी सूनबाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"तुम्ही इथेच राहाल ना?" तिने विचारलं. "ती शाळेतून येते तेव्हा घरात कुणीतरी लागतं तिला." मग म्हणाली, "मलाही लागतं."

एवढे महिने मला हेच ऐकायचं होतं, की तुम्हाला इथून कुणी हलवणार नाही. ते मी ऐकलं, आणि ऐकलं तेही तिच्याकडून, जिच्यावर माझा सगळ्यात जास्त संशय होता. त्याचा आनंद झाला असं मी म्हणणार नाही. "कुठे जाणार आहे मी?" मी म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखाच तिखट लागला, पण ती आत येऊन माझ्या पलंगाच्या कडेला बसली.

जूनच्या एका शनिवारी तो गेला. सकाळी लॉनवर पांढरं हिमाचं पीठ पसरल्यासारखं दिसत होतं. मी त्याला मेतकूट, तूप, लसणाची चटणी आणि एक जाड ब्लँकेट दिलं. "आई, हीटर आहे गं," तो म्हणाला. "असू दे," मी म्हणाले. नात त्याच्याबरोबर गाडीत बसून गेली, ती दुसऱ्या दिवशी परत येणार होती. कॅरव्हॅन हळूहळू फाटकातून बाहेर पडली. सूनबाई आणि मी मागच्या दारात उभ्या होतो. कपड्यांच्या दांडीशेजारी गवत चपट होऊन पिवळं पडलं होतं.

दिवस मावळता मावळता त्याचा फोन आला. सगळं जोडून झालंय, दिवे लागलेत, नात वर चढून पुस्तक वाचत बसलीय, असं सांगत होता. बाहेर दक्षिणेचं बर्फगार वारं सुटलं होतं, आमच्या खिडक्यांची तावदानं वाजत होती.

"थंडी नाही ना वाजत?" मी विचारलं.

"छे गं. मस्त गरम आहे आत. आम्ही दोघं टी-शर्टवर बसलोय."

"बरं झालं," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

सूनबाई ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. "काय म्हणाला?" तिने मान वर न करता विचारलं.

"गरम आहे म्हणाला."

"चांगलं झालं," ती म्हणाली, आणि तिचं लाटणं पोळीवरच थांबून राहिलं.

मी गॅस मोठा केला, तव्यावरची पोळी उलटली. तपासलेला, पास झालेला, बिनआवाजाचा तो हीटर आज बंद पडायला हवा होता, असं मला अगदी मनापासून वाटलं. थंडी वाजली असती, तर घरी तरी आला असता.